एकशे एकतिसावी दुरुस्ती

तुळिंजमधल्या त्या क्लासच्या कीबोर्डवरून बोट उचलताना ते किंचित चिकटायचे, आणि सुटताना त्याचा अगदी बारीक आवाज यायचा. कळांवर कुणाकुणाच्या बोटांचे तेल बसलेले होते. फटींत बिस्किटांचा चुरा होता. दोन शब्दांमध्ये जागा सोडायची ती लांब कळ मधोमध झिजून काळसर चकाकत असे. खोली दुसऱ्या मजल्यावर आणि खाली कोंबडीचे दुकान. खिडकी उघडली की गरम पाण्यात बुडवलेल्या पिसांचा वास वर यायचा. ती लावून घेतली की सर लिंबाच्या वासाचा फवारा मारत, आणि मग लिंबू व पिसे एकत्र नाकात शिरत. यांतला कोणता वास अधिक असह्य, हे तीन महिन्यांत मला ठरवता आले नाही. घरी परतल्यावर मी आधी हात धूत असे, मग पाणी पीत असे.

मराठी साहित्यात एम.ए., नंतर एका शाळेत चार वर्षे तात्पुरती शिक्षिका, आणि शाळेला माझी गरज उरली नाही तेव्हा तिसाव्या वर्षी सॉफ्टवेअर टेस्टिंगचा हा क्लास. एवढ्यात माझा सारा इतिहास मावतो. बॅचमध्ये सव्वीस मुलेमुली आणि सत्ताविसावी मी. सगळ्यांत मोठी, म्हणून सगळ्यांची ताई. मुलांच्या हाती अजून काही वर्षे होती. माझ्या हाती ती नव्हती. पहिली नोकरी याच हिवाळ्यात मिळायला हवी होती, कारण त्यानंतर ‘फ्रेशर’ या शब्दात मला कुणी बसू दिले नसते.

ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी सरांनी रेझ्युमेचा तास घेतला. सर पस्तिशीचे, कडक इस्त्रीच्या सदऱ्यातले. तोंडात सतत वेलदोडा, आणि तो दाढेखाली फुटला की वाक्य संपले असे आम्ही समजत असू. भिंतीवरच्या पडद्यावर त्यांनी एक नमुना लावला आणि तळाच्या एका रिकाम्या चौकटीवर बोट ठेवले.

“प्रोजेक्ट लिहिले, सर्टिफिकेट लिहिलं. आता हा रकाना. कम्युनिटी काँट्रिब्युशन. ऑनलाइन कुठल्या ग्रुपसाठी, कुठल्या सॉफ्टवेअरसाठी तुम्ही फुकट काम केलंय ते इथे येणार. फ्रेशरकडे अनुभव नसतो ना, मग कंपनी हे बघते. बोला, कुणाकडे काय आहे?”

मग माझ्या शेजारची, अर्नाळ्याची मुलगी बोलली. तिच्या घरची होडी होती, आणि जिभेला कसलीही भीती नव्हती.

“सर, आमच्या आळीच्या ग्रुपवर पानी कधी येनार ते मीच टाकते रोज. चालंल?”

सगळे हसले. सरही हसले. “पुण्याचं काम आहे गं, पण दिसलं पाहिजे ना.” त्यांनी पडद्यावर दुसरे पान उघडले. खुल्या सॉफ्टवेअरच्या एका संकेतस्थळावर कुणाचे तरी खाते होते. त्यात वर्षभराच्या दिवसांचे इवलेसे चौकोन. ज्या दिवशी त्या माणसाने काही काम पाठवले तो चौकोन हिरवा, बाकीचे राखाडी. “हे हिरवं दिसलं पाहिजे. आत काय आहे ते कोण वाचतंय?”

मी वाडीत वाढलेली बाई आहे. हिरव्याच्या किती जाती असतात ते मला कुणी सांगायला नको. केळीच्या कोंबाचा हिरवा वेगळा, अळूच्या पाठीचा वेगळा, विहिरीच्या कठड्यावरच्या शेवाळाचा वेगळा. पडद्यावरचा तो हिरवा यांतला कोणताच नव्हता. औषधाच्या बाटलीत साचलेल्या पाण्याचा रंग असतो, तसा तो होता. तरीही मी हात वर केला.

त्या हात वर करण्याविषयी मला सांगायचे आहे.

सहा वर्षांपूर्वी एम.ए.ला असताना माझी एक वर्गमैत्रीण होती, तिला दिसत नसे. पडद्यावरचे मराठी मोठ्याने वाचून दाखवणारा एक आवाज तिच्या फोनमध्ये होता. त्या आवाजाने एकदा आमच्या अभ्यासातली एक कविता वाचलेली मी ऐकली, आणि मला ते ऐकवेना. चंद्रातला च आणि चांदण्यातला च त्याला एकच वाटत होता. ओळी सपाट पडत होत्या. ओला कपडा फरशीवर टाकावा तशा. हा आवाज तयार करणारी माणसे पगारी नसून हौशी आहेत, कुणीही त्यांना दुरुस्ती पाठवू शकते, असे तिनेच मला सांगितले. तेव्हापासून मी पाठवू लागले. शब्द निवडायचा, आवाजाला तो कसा वाचायचा ते लिहून द्यायचे, कानात इअरफोन घालून ऐकायचे, पुन्हा ऐकायचे, आणि मगच पाठवायचे. सहा वर्षांत चारशेदोन दुरुस्त्या. त्या मी कुणाला दाखवल्या नव्हत्या. आई विचारायची, “कानात घालून काय पुटपुटत असतेस?” मी सांगायची, “यंत्राला बोलायला शिकवते.” ती मान हलवून पुन्हा विकायचा चाफा निवडू लागायची.

या साऱ्या कामाची राखण एक गुरुजी करीत. अंधांच्या शाळेतून निवृत्त झालेले, स्वतः जन्मांध, देशावरच्या एका लहान गावात राहणारे. मी त्यांना कधी पाहिले नाही. त्यांनी तर मला पाहण्याचा प्रश्नच नव्हता. ग्रुपवर ते बोलून निरोप पाठवत, आणि त्यांचा आवाज पितळेच्या परातीत तांदूळ ओतल्यासारखा स्वच्छ यायचा. त्यांचा एक रिवाज होता. आलेली प्रत्येक दुरुस्ती ते तीनदा ऐकत. एकदा वेगाने, एकदा सावकाश, एकदा वाक्यात घालून. आणि कारण लिहिल्याशिवाय एकही नाकारत नसत. “माणसानं वेळ काढून पाठवलंय, बाई,” ते म्हणायचे. “नाही म्हणायचं तर का नाही, एवढं तरी त्याला कळलं पाहिजे.”

तर मी हात वर केला आणि हे सांगितले. सरांच्या दाढेखालचा वेलदोडा थांबला. “सहा वर्षं? मॅडम, आणि हे रेझ्युमेत कुठेच नाही?” सव्वीस चेहरे माझ्याकडे वळले. त्या क्षणी छातीत जे उबदार पसरले ते आज आठवले तरी मला स्वतःची शिसारी येते. इतकी वर्षे निर्मळ राहिलेली एक गोष्ट मी त्या खोलीत, त्या वासात, आपण होऊन उघडी केली. आणि मला गोड वाटले.

“या पुढे. दाखवा सगळ्यांना.”

मी सरांच्या संगणकावर माझे खाते उघडले. मास्तरकी अंगात मुरलेली. नीट, पायरीपायरीने समजावले. हा शब्दांचा कोश. ही एका शब्दाची ओळ. इथे बदल करायचा, इथे दाबायचे. बदल म्हणून काय दाखवावे? खरा शब्द घ्यायचा तर ऐकावा लागला असता, आणि त्या संगणकाला इअरफोन नव्हता. म्हणून मी एका ओळीच्या शेवटी ती झिजलेली लांब कळ एकदा दाबली. “समजा, हा बदल केला.”

“समजा कशाला? पूर्ण दाखवा, पाठवून दाखवा,” सर म्हणाले. मी बटण दाबले. बोट कळेवरून सुटताना तोच चिकट आवाज आला. मी हात ओढणीला पुसला आणि जागेवर जाऊन बसले.

“चला, आजचं प्रॅक्टिकल मिळालं,” सरांनी टाळी वाजवली. “मराठी तर सगळ्यांना येतं. प्रत्येकी पाच. सात वाजेपर्यंत. पाच पाठवल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही.”

मला वाटले, मुले शब्द शोधतील. आपापल्या घरचे, आपापल्या बोलीचे शब्द. मला ती पाचाची अट नव्हती, मी आनंदात घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुपवर गुरुजींचा निरोप आला. ओटीवर आई ओल्या फडक्यावर सोनचाफा निवडत बसली होती. डाग पडलेली फुले ती बाजूला काढत होती. चाफ्याला जरा जोराने बोट लागले की तासाभरात तिथे तपकिरी पडते, आणि त्या तपकिरीला पिकून फुटलेल्या फळाचा वास येतो. मी तिच्याजवळ बसून निरोप लावला.

“मंडळी, सुप्रभात.” गुरुजींच्या आवाजात त्या दिवशी तांदूळ नव्हते, पाणी होते, झुळझुळत होता तो. “काल संध्याकाळपासून एकशे एकतीस दुरुस्त्या आल्यात. एकशे एकतीस! वर्षभरात येत नाहीत एवढ्या. सगळी नवी नावं आहेत, बहुतेक वसई-विरारकडची. आपल्या भाषेसाठी तरुण मुलं येतायत, माझा तर विश्वासच बसेना. मी आज स्नान करून ऐकायला बसणार आहे.”

आईने हात थांबवला. “कोण हे? किती आनंदात बोलतात.”

मी खोलीत जाऊन ती यादी उघडली. एका ओळीच्या शेवटी रिकामी जागा. पुढच्या ओळीच्या शेवटी रिकामी जागा. मध्येच एक स्वल्पविराम, तोही शब्दाच्या पोटात. पुन्हा रिकामी जागा. कुणी ‘धन्यवाद’ लिहिले होते. सात जणांनी मदतनीसांच्या यादीत शब्द न सुधारता नुसती स्वतःची नावे घातली होती, तीही सर्वांत वर, गुरुजींच्या नावाच्या डोक्यावर. शंभराहून अधिक ठिकाणी नुसती ती लांब कळ दाबलेली. मी खाली खाली जात राहिले, आणि जिभेच्या मुळाशी काही कडू जमत गेले. उकिरड्यावरचे पाणी विहिरीत सोडलेले पाहावे, तसे.

आणि गुरुजींना यांतले काहीच दिसणार नव्हते. त्यांना हे ऐकायचे होते. त्यांचे यंत्र कोऱ्या जागेपाशी आले की म्हणते, “रिकामी जागा.” आमचाच आवाज, आम्हीच सुधारलेला, ज्याचा ज सुद्धा आता लागायचा तिथे नेमका लागत होता, तो त्यांच्या कानात म्हणणार होता: रिकामी जागा. तीनदा. वेगाने, सावकाश, वाक्यात घालून.

दुपारी माझ्या एकटीसाठी त्यांचा निरोप आला. “बाई, वीसेक ऐकल्या. अजून तरी काही हाती लागलं नाही, नवशिकी असतील. तुमच्या भागातलीच दिसतात. ओळखता का तुम्ही यांना?”

इथे एक गोष्ट सांगायला हवी. नायगावच्या एका कंपनीत पुढच्या मंगळवारी माझी मुलाखत ठरली होती. रेझ्युमेत असे फुकटचे काम लिहिणाऱ्याने त्या कामाच्या राखणदाराचे दोन ओळींचे पत्र जोडले तर त्याचे वजन पडते, असे त्यांनी कळवले होते. ते पत्र मी गुरुवारी रात्रीच, रकाना भरून झाल्यावर, गुरुजींकडे मागितले होते, आणि त्यांनी रविवारी पाठवतो म्हणून कबूल केले होते.

मी लिहिले, “विचारून पाहते, गुरुजी.”

त्यात खोटा असा एकही शब्द नव्हता. कविता शिकलेल्या माणसाला एवढे साधते. शब्द असे ठेवता येतात की प्रत्येक खरा असावा आणि त्यांची मोळी खोटी व्हावी.

शनिवारी क्लासला गेले ती जिना चढतानाच भांडण तोंडात घोळवत. खालच्या दुकानातल्या पिपात पिसे तरंगत होती.

“सर, हे काय करून घेतलंत मुलांकडून?”

“काय केलं?” ते शांतपणे म्हणाले. “सव्वीस जणांचा रकाना भरला. तुमच्यामुळे भरला, मॅडम. मी तर थँक्यू म्हणणार होतो.”

“तिकडे एक वृद्ध माणूस एकेक ऐकत बसलाय. दिसत नाही त्यांना.”

“मग नका ना ऐकू म्हणावं. डिलीट ऑल.” वेलदोडा फुटला. “मॅडम, तुम्हाला राग येतोय, समजतंय मला. पण कंपनीवाले काय करतात, माहितेय? एक मशीन लावलंय, ते हिरवं मोजतं. मशीनसाठी लिहिलेलं मशीन वाचणार. यात माणूस कुठे आला मध्ये?”

मी जागेवर येऊन बसले. अर्नाळ्याची मुलगी रेझ्युमेच्या त्या रकान्यात टाइप करत होती: मराठी भाषा प्रकल्पात सक्रिय योगदान.

“तूसुद्धा?” मी म्हटले.

“मग?” तिने मान वर केली नाही. “ताई, तू शिकत होतीस तवा तुला टाइम होता, घरी नेट होतं, सहा वर्सं बसलीस. मी शाळेतून आले की मासळी सुकवायच्या वलांडीवर. आता म्हनतात रकाना भर. कशानं भरू?” मग माझ्याकडे पाहून ती हसली, पण त्या हसण्याला खारे टोक होते. “आनि तू दाखवलंस तसंच केलं की आम्ही. तू पन जागाच सोडलीस.”

तिच्या बोलण्यातला शेवटचा भाग मी ऐकला, पण आत घेतला नाही. तिच्या पहिल्या प्रश्नानेच मी इतकी गडबडले होते, की पुढच्या वाक्याला जागा उरली नव्हती.

रविवारी गुरुजींचे पत्र आले. दोन ओळी कबूल केलेल्या, पाच होत्या. त्यांतली एक अशी: “या बाईंनी सहा वर्षांत स्वतः ऐकल्याशिवाय एकही शब्द पाठवलेला नाही.” पत्राखाली त्यांचा छोटा निरोप होता, थकलेला. “नव्वद झाल्या, बाई. कुणीतरी चेष्टा केलीय बहुतेक. पण मधेच एखादी खरी असेल म्हणून सोडवत नाही.”

मी त्यांना आभाराचे लिहिले. दुसरे काहीही लिहिले नाही.

नायगावची ती इमारत नवी होती. लिफ्टमध्ये ताज्या रंगाचा वास, आणि अठराव्या मजल्याच्या काचेतून खाडीचा चिखल ओहोटीत उघडा पडलेला. मुलाखत घेणारी माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान असावी. नखे स्वच्छ, आवाज मऊ. तिने माझा कागद पाहिला, पत्र वाचले आणि मान तिरकी केली.

“सकाळपासून हा प्रकल्प चौथ्यांदा बघतेय मी. आधीच्या तिघांनी फक्त रिकाम्या जागा टाकल्यात.” ती पडद्यावर खाली-वर गेली. “तुमचं खरं दिसतंय. चारशेच्या वर आहेत. पण बाकीचे सगळे एकाच दिवशी, एकाच भागातून कसे आले? ओळखता का तुम्ही यांना?”

गुरुजींचाच प्रश्न, जवळजवळ त्यांच्याच शब्दांत. या खेपेला मोळी बांधण्याइतकाही वेळ नव्हता.

“नाही,” मी म्हटले.

ती समाधानाने हसली. सोमवारी दुसरी फेरी, म्हणाली. खाली आले तेव्हा खाडीकडून वारा येत होता, आणि त्यात कुजलेल्या शेवाळाचा गोडसर दर्प होता. रिक्षा येईपर्यंत मी ओढणी नाकाला लावून उभी होते. ओढणीलाही वास येत होता. ती गुरुवारचीच होती, बोट पुसलेली.

घरी आल्यावर मी गुरुजींना फोन केला. सहा वर्षांत प्रथमच. सगळे सांगितले. क्लास, दाखवणे, सव्वीस मुले, विचारून पाहते म्हणणे, पत्र घेणे, आणि त्या दिवशी दुपारी अठराव्या मजल्यावर नाही म्हणणे. मी रागाची वाट पाहत होते. रागाने मला बरे वाटले असते.

“मी एकशे दहापर्यंत आलो, बाई,” ते म्हणाले. “कान दुखायला लागले म्हणून थांबलो. एकालाही उत्तर लिहिलं नाही अजून. ते तुम्ही करा. सगळ्या पहिल्यापासून ऐका, आणि प्रत्येकाला कारण लिहा. रिवाज मोडायचा नाही.”

“आणि पत्र, गुरुजी? परत करू?”

“ऐकून झालं की तुमचं तुम्हालाच कळेल.”

बुधवारपासून मी ओटीवर बसून ऐकू लागले. सर्वांत नवी दुरुस्ती वर होती. तिथून मागे मागे जायचे. डोळे मिटून, कारण उघड्या डोळ्यांनी ती फसवणूक झाली असती. वेगाने: रिकामी जागा. सावकाश: रि का मी, जा गा. वाक्यात घालून: आज पाऊस रिकामी जागा पडला. मग डोळे उघडून कारण लिहायचे. “या बदलाने उच्चारात फरक पडत नाही, म्हणून स्वीकारता येत नाही.” पुढची. तेच वाक्य उतरवून चिकटवता आले असते. मी प्रत्येक वेळी नव्याने टाइप केले. तिसाव्या खेपेला त्या आवाजाचा मला वीट आला. साठाव्याला मी उठून अंगणात गेले. सहा वर्षे ज्या आवाजाला मी चांदणे म्हणायला शिकवले, त्याच्या तोंडी ही एकच घाण सारखी सारखी येत होती, आणि तो ती इतक्या सुंदर उच्चारात म्हणत होता.

आई बाजूला चाफा निवडत असे. डाग असलेले फूल ती पाहून ओळखत नाही, हे त्या दिवसांत माझ्या लक्षात आले. तिची नजर भलतीकडेच असायची आणि बोटे फूल बाजूला टाकायची. “डोळ्याला दिसायच्या आत हाताला लागतं,” ती म्हणाली, मी न विचारता.

गुरुजींसारखीच मलाही आशा होती की मध्येच एखादी खरी सापडेल. एखाद्या माशाचे नाव, एखाद्या गावाचा उच्चार. अर्नाळ्याच्या मुलीच्या पाचही मी जरा जास्तच वेळ ऐकल्या. पाचही रिकाम्या. त्यांचीही कारणे लिहिली.

शनिवारी दुपारी एकशे तीस संपल्या. सव्वीस मुले, प्रत्येकी पाच. माझ्या हिशेबाने यादी इथे संपायला हवी होती. अजून एक होती, सर्वांच्या आधी आलेली. मला वाटले, एखाद्या मुलाने एक जास्त पाठवली असेल. सवयीने मी डोळे मिटले.

रिकामी जागा.

रिकामी जागा, सावकाश.

वाक्यात घालून.

डोळे उघडून कारण लिहायला गेले, तर पाठवणाऱ्याच्या जागी माझे नाव होते.

ती वेळ गुरुवारची होती, माझी समजावण्याची. ‘समजा, हा बदल केला.’ झिजलेली लांब कळ, चिकट सुटलेले बोट, पुसलेली ओढणी. त्या मुलांनी स्वतःहून काही शोधून काढले नव्हते. वर्गातल्या थोरल्या ताईने जे करून दाखवले, तेच त्यांनी गुणी विद्यार्थ्यांसारखे प्रत्येकी पाच वेळा गिरवले होते. अर्नाळ्याच्या मुलीने मला ते तोंडावर सांगितले होते, आणि तरीही मी चार दिवस नाक मुरडत, डोळे मिटून, दुसऱ्यांचा उकिरडा उपसते आहे अशा थाटात बसले होते. यादीतली पहिली घाण माझी होती. बाकीची तिची पिल्ले.

आईने ओंजळभर डागाळलेली फुले केळीच्या बुंध्याशी टाकली. वास आला. मी कारण लिहिले. इतरांना लिहिले होते त्याहून एक वाक्य अधिक: “पाठवण्यापूर्वी ऐकलेले नाही.” आणि नाकारले.

मग गुरुजींना कळवले की त्यांच्या पत्रातले ते वाक्य आता खरे नाही. त्यांचे उत्तर एका शब्दाचे होते. “बरं.” त्या एका शब्दात तांदूळ पुन्हा परातीत पडत होते. संध्याकाळी सुधारलेले पत्र आले: “या बाईंनी सहा वर्षांत एकच शब्द न ऐकता पाठवला.” मी रेझ्युमे उघडला, त्या रकान्यापाशी आले आणि लिहिले: चारशेदोन दुरुस्त्या मंजूर. शेवटची नामंजूर, न ऐकता पाठवली. तिच्यामागून आलेल्या एकशे तीस माझ्या वर्गाच्या, मी दाखवल्यावरून.

रविवारी तो कागद छापायला क्लासला गेले, तर सरांनी यंत्रातून तो काढून वाचला. “मॅडम! नामंजूर कोण लिहितं रेझ्युमेवर?” त्यांना खरोखर वाईट वाटले होते. “उद्या तुमची सेकंड राउंड आहे. वेड लागलंय का?” त्यांनी कागद माझ्या हाती दिला तेव्हा त्यांच्या वेलदोड्याचा श्वास माझ्या तोंडावर आला, आणि प्रथमच मला त्याची किळस आली नाही. माझ्या तोंडाला कसला वास येत असेल, एवढाच विचार आला.

सोमवारी त्या स्वच्छ नखांच्या मुलीने नवा कागद वाचला. एकदा वेगाने, एकदा सावकाश.

“त्या दिवशी मी विचारलं होतं तुम्हाला.”

“हो. मी नाही म्हटलं.”

“हे लिहायची गरज नव्हती,” ती म्हणाली. मऊ आवाज जरा आक्रसला होता. “आम्हाला कळलंही नसतं.” मग तिने तो कागद स्वतःपासून दूर सारला. बोटांनी नव्हे, पेनाच्या टोकाने. ती हालचाल मी ओळखली. तीन महिने मी त्या कीबोर्डला अशीच शिवत होते.

मला फोन आला नाही. अर्नाळ्याच्या मुलीला आला. तिने पेढे आणले, सर्वांत आधी माझ्यापुढे धरले आणि कानाशी येऊन म्हणाली, “ताई, मला पन विचारलं, तुला कुनी शिकवलं म्हनून. तुझं नाव नाय घेतलं हां मी.”

पेढा मी तिथेच खाल्ला. तूप बोटांना लागले. त्याच बोटांनी मी कीबोर्डवर रेझ्युमे उघडला, दुसऱ्या एका कंपनीचा पत्ता घातला आणि पाठवण्याआधी तो रकाना पुन्हा एकदा वाचला, ओठ हलवत, ऐकू येईल इतक्या मोठ्याने.